सुटता सांधा

धरण पाहावयास लोक हौसेने जातात. विहिरीस पाणी लागले म्हणजे नारळ फोडतात. नवी मोटार बसविली म्हणजे तिला हळदकुंकू वाहतात. परंतु दोन नळ्या जेथे एकमेकींस मिळतात तो सांधा मुद्दाम पाहावयास कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सांध्याकडे मनुष्याचे लक्ष जाते ते तो गळू लागल्यावर, आणि तेव्हा त्याच्या वाट्यास बहुधा शिव्याच येतात. या उपेक्षित वस्तूविषयी मला फार दिवसांपासून कुतूहल होते. गेल्या रब्बीत पिंपळनेरास एका लोहाराच्या दुकानी बसून तिचा थोडाबहुत अभ्यास घडला, आणि कुतूहलाच्या जागी आदर आला.

पिंपळनेर हे साक्री तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, पांझरेच्या काठचे गाव. एका बाजूस सह्याद्रीचे डोंगर जवळ आलेले, दुसऱ्या बाजूस खानदेशचे मोकळे रान. लाटीपाड्याचे धरण येथून जवळच. रब्बीच्या दिवसांत या शिवारातून हिंडताना एक दृश्य वारंवार दिसते. खांद्यावर दोन-दोन, तीन-तीन काळ्या नळ्या घेऊन माणसे एका वावरातून दुसऱ्या वावरात चाललेली असतात. कांदा, गहू, हरभरा यांवर कृत्रिम पाऊस पाडणाऱ्या तुषार संचाच्या या नळ्या. एकेक नळी सहा मीटर लांब. त्या एकीपुढे एक जोडावयाच्या, ठरावीक अंतरावर फवारे उभे करावयाचे, मोटार चालू करावयाची. एवढा तुकडा भिजला की मोटार बंद करून सगळे सोडवावयाचे आणि पुढच्या तुकड्यात पुन्हा मांडावयाचे. एका हंगामात एकेक सांधा किती वेळा जुळत असेल आणि किती वेळा सुटत असेल याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तो ठेवला तर संचातील सर्वांत कष्टाळू अवयव कोणता, हे सहज ध्यानात येईल.

या सांध्याची घडण पाहण्यासारखी आहे. नळीचे एक तोंड घंटेसारखे पसरट, दुसरे साधे. पसरट तोंडाच्या आत एक खाच असते आणि तीत रबराचे कडे बसविलेले असते. हे कडे भरीव नसते. त्याच्या आतल्या अंगास एक पातळ ओठ असतो. नळीत पाणी नसते तेव्हा तो ओठ सैल असतो, म्हणून दुसरी नळी विनासायास आत सरकते. मोटार चालू झाली की पाण्याचा दाब त्या ओठाच्या मागे शिरतो आणि त्याला नळीच्या अंगावर दाबून धरतो. म्हणजे जे पाणी बाहेर पळू पाहते तेच आपल्या पळण्याची वाट बंद करते! दाब जितका अधिक, तितकी पकड घट्ट. मोटार थांबली की दाब ओसरतो, ओठ सैलावतो आणि नळी निघून येते. शत्रूच्याच बळाने किल्ला राखण्याची ही युक्ती ज्याला प्रथम सुचली त्याचे नाव मला ठाऊक नाही; पण त्याला मी मनोमन नमस्कार केला आहे.

परंतु पाणी अडविणे हे सांध्याचे एक काम झाले. दुसरे काम असते नळ्यांना एकमेकींपासून सरकू न देण्याचे, आणि ते रबर करू शकत नाही. पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळीचे तोंड सुमारे ४४ चौरस सेंटिमीटरांचे असते. दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब धरला, तर शेवटच्या बुचावर किंवा वळणावरच्या नळीवर ११० किलोंचा रेटा बसतो. कांद्याच्या भरलेल्या दोन गोण्या कोणी त्या नळीच्या टोकास टांगून ठेवाव्यात तसेच हे. हा रेटा पेलण्यासाठी सांध्यावर एक आकडा बसविलेला असतो. तो पलीकडच्या नळीच्या कानात अडकवितात. कारखान्यातून संच येतो तेव्हा हे आकडे आणि हे कान एकमेकांसाठीच घडविलेले असतात. अडचण उत्पन्न होते ती दोन घरचे संच एकत्र आले म्हणजे.

माझ्या परिचयाच्या एका घरी दोन भावांची वाटणी झाली होती. विहीर सामाईक राहिली. वावर वाटले गेले. चाळीस नळ्या होत्या, त्याही वीस-वीस वाटल्या. वाटणीच्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही असे नव्हे. परंतु वाटणीच्या वेळी मनुष्यास लांबी दिसत नाही, संख्या दिसते. विहिरीपासून थोरल्याच्या कडेच्या तुकड्यापर्यंत वीस नळ्या पुरत नाहीत, आणि धाकट्याच्याही पुरत नाहीत. म्हणून वाटणीनंतर काही वर्षे दोघे पाळीपाळीने एकमेकांच्या नळ्या नेत असत. बोलणे बंद होते. नळ्या नेण्याचे बंद नव्हते. मुलगा जाऊन सांगे, ‘आप्पा, बाबांनी नळ्या मागितल्यात,’ आणि आप्पा खळ्याकडे बोट दाखवीत. पुढे धाकट्याच्या नळ्या उन्हाने तडकल्या. त्याने अनुदानात नवा संच घेतला. तो निराळ्या कारखान्याचा निघाला. नळीचा व्यास तोच, कारण तुषार संचाच्या नळ्यांसाठी भारतीय मानक १४१५१ आहे आणि त्यात मापे ठरून गेलेली आहेत. नवी नळी जुनीच्या तोंडात छान शिरे, रबरही पाणी धरी. पण आकडा कानापर्यंत पोहोचत नसे. मोटार चालू केली की पाच-दहा मिनिटांत कोठेतरी नळी सटके आणि पाण्याचा लोंढा कांद्याचे वाफे फोडून जाई. मग तार गुंडाळणे, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळणे. रात्रीच्या पाळीची वीज आली की पौषाच्या थंडीत, चिखलात गुडघे टेकून ही तार पिळावयाची आणि पहाटे पुन्हा उलगडावयाची. दुसऱ्या वर्षी धाकट्याने नळ्या मागावयाचे सोडले. थोरल्याने देऊ करण्याचे सोडले. आणि दोन्ही कडेचे तुकडे त्या रब्बीत पडीक राहिले.

हा प्रश्न घेऊन मी लोहाराकडे गेलो तो मोठ्या परोपकारबुद्धीने गेलो असे नाही. दोन निरनिराळ्या घडणीच्या नळ्यांस जोडणारा, पुन:पुन्हा वापरता येणारा असा एखादा खटका करता येईल काय, हे कोडेच मला सुटावयास हवे होते. कोड्यामागची माणसे मला पुढे दिसू लागली.

लोहार साठीचा. ऐरण अजून आहे. तिच्या शेजारी वेल्डिंगचे यंत्र आले आहे. मी कागदावर काढून नेलेले पट्ट्यांचे नाना प्रकार त्याने शांतपणे पाहिले. घट्ट आवळणाऱ्या स्क्रूच्या पट्टीवर बोट ठेवून तो अहिराणीत म्हणाला, ‘धरनारा बठ्ठाच शेतस, सोडनारा जोयजे.’ धरणारे सगळेच आहेत, सोडणारा पाहिजे. मग त्याने अटी सांगावयास सुरुवात केली, आणि मी त्या लिहून घेतल्या. खटका अंधारात एका हाताने लागावा आणि एका हाताने निघावा, कारण दुसऱ्या हातात नळी असते. त्याला पाना किंवा पेचकस लागू नये. त्याचा एकही भाग सुटा नसावा, कारण सुटा भाग चिखलात पडतो आणि मग नांगरटीतच सापडतो. त्याची दांडी वर उभी राहू नये. नळी ओढताना तीत कांद्याची पात, धोतर, साडी, काहीही अडकते. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो घट्ट नसावा.

या शेवटच्या अटीने मी चमकलो. क्लॅम्प म्हणावयाचा आणि तो घट्ट नसावा! परंतु म्हाताऱ्याचे म्हणणे बरोबर होते. वावर टेबलासारखे सपाट नसते. नळ्यांची रांग उंचवट्यावरून चढते, सरीत उतरते. सांध्यात थोडे वाकण्याची सोय नसेल तर नळी तरी तडकेल किंवा सांधा तरी. पाणी धरण्याचे काम रबराकडे आहे. ते खटक्याने करू नये. खटक्याने नळ्यांस एवढेच सांगावे की येथपर्यंत हला, यापलीकडे जाऊ नका.

एकदा ही दोन कामे निरनिराळी झाली म्हणजे बाकीचे सोपे होते. जुन्या नळीच्या पसरट तोंडास बाहेरून एक काठ असतो. नव्या नळीच्या टोकापासून थोड्या अंतरावर एक उंचवटा असतो. नळी आत सरकली की काठ आणि उंचवटा शेजारीशेजारी येतात. आम्ही पत्र्याची दोन अर्धी कडी वळविली. त्यांच्या दोन्ही कडा आत मुडपून पन्हळ केली, म्हणजे काठ आणि उंचवटा हे दोन्ही त्या पन्हळीत बसावेत आणि तिचे मुडपलेले ओठ त्यांच्या पाठीमागे जावेत. पन्हळ हवी त्यापेक्षा बोटभर रुंद ठेविली. तेवढ्या मोकळिकीत नळी थोडी वाकू शकते. दोन अर्ध्या कड्यांना एका बाजूस बिजागरी, दुसऱ्या बाजूस खटका.

खटक्याची कल्पना नवी नाही. पत्र्याच्या पेटीला जो ओढून खाली दाबावयाचा खटका असतो, किंवा लोणच्याच्या काचेच्या बरणीच्या झाकणावर जी तार असते, तोच हा प्रकार. दांडी खाली नेताना प्रथम जोर लागतो. मग ती एका मधल्या रेषेपलीकडे जाते आणि आपण होऊन मिटते. ती रेषा ओलांडली की उघडू पाहणारा ताणच तिला अधिक मिटवू लागतो. ही रेषा किती ओलांडावी यात सारे कसब. फार थोडी ओलांडली तर धक्क्याने उघडते, फार ओलांडली तर उघडताना नखे निघतात. लोहाराने ते मोजले नाही. तो कानस चालवी, दांडी मिटून कान देऊन ऐके, पुन्हा कानस चालवी. मनासारखा ‘टक्’ आवाज आला तेव्हा त्याने ती बाजूस ठेविली.

या घडणीतील एक गोष्ट मला विशेष आवडली. ११० किलोंचा तो रेटा खटक्यावर येतच नाही. तो पन्हळीच्या ओठांवर येतो, आणि ते नळीभोवती सर्व बाजूंनी असल्यामुळे कोणत्याही एका जागी फारसा भार पडत नाही. खटका फक्त दोन अर्धी कडी मिटलेली ठेवतो. दाराला आतून जी साखळी असते ती छपराचे ओझे वाहत नाही. तिच्याकडून तशी अपेक्षा केली तर ती तुटेल. पुष्कळ सांधे तुटतात ते याच कारणाने, की ज्याने नुसते मिटवून ठेवावयाचे त्याच्यावर आपण ओझे टाकतो.

मनुष्य नळ जोडीत आला आहे तो फार पूर्वीपासून. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला पाणी आले ते खापरी नळांतून. ते सांधे एकदा बसले की बसले. त्यांचे सोडविणे म्हणजे फोडणेच. सुटा होणारा सांधा ही पुढच्या काळाची, घाईच्या काळाची गरज. इंग्रजांच्या आरमारातून निवृत्त झालेल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १९२१ साली रबरी नळीवर आवळावयाची पेचाची पट्टी काढली. ती आज जगातील बहुतेक मोटारींत आणि आपल्याकडील गॅसच्या नळीवरही दिसते. दुधाच्या कारखान्यांत नळ रोज उघडून धुवावे लागतात, म्हणून तेथे कड्याकड्यांचे सुटे सांधे आले. जेथे जेथे वस्तू पुन:पुन्हा उघडावयाची असते तेथे तेथे सांध्याला बुद्धी खर्चावी लागते. कायमचे चिकटविण्यास चुना किंवा डिंक पुरतो.

आणि सांधा न जुळल्याने काय होते, याचा एक मोठा दाखला इतिहासात नमूद आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास ७ फेब्रुवारी १९०४ रोजी आग लागली. वॉशिंग्टनहून आणि इतर शहरांहून बंब आगगाडीने धावून आले. माणसे होती, यंत्रे होती, पाणी होते; परंतु बंबांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या रस्त्यांतील नळखांबांस बसेनात, कारण प्रत्येक शहराने आपापल्या आट्यांचे माप निराळे ठेवले होते. मदतीस आलेले पुष्कळसे लोक हतबुद्ध होऊन पाहत राहिले. सुमारे तीस तास ती आग चालली आणि दीड हजारांवर इमारती भस्मसात झाल्या. त्यानंतर मापे एक करण्याची चळवळ जोराने सुरू झाली. साहाय्य करण्याची इच्छा आणि साहाय्य यांच्यामध्ये कधीकधी एवढेसे अंतर असते. पण ते अंतर भरून काढल्यावाचून इच्छेचा काही उपयोग होत नाही.

आमच्या पांझरेचा नळाशी संबंध जुना आहे. तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि खानदेशात आले, तेव्हा आरंभीच्या कामांत त्यांच्याकडे जे काम आले ते पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे नळाच्या सायफनने पाणी नेण्याचे. पावसाने काम अडले. ते काही काळ थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांस ते रुचले नाही. आणि मग या तेवीस वर्षांच्या इंजिनियराने ते पुरे करून दाखविले. पुढे कृष्णराजसागर धरणाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या पुरुषाची उमेदवारी आमच्या नदीच्या चिखलात, नळाच्या एका कामावर झाली, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांस अगत्याने सांगण्यासारखी आहे.

परंतु पांझरेच्या काठी त्याहूनही जुना आणि माझ्या दृष्टीने अधिक विस्मयकारक सांधा आहे. तो लोखंडाचा नाही. मी फड पद्धतीविषयी म्हणतो आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे काही मोठे भाग, तेच फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि ते वर्षावर्षाने फिरवावयाचे. पाणी वाटण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात. हंगामाआधी सर्वांनी मिळून पाट साफ करावयाचा. पाणी कमी पडले तर एकाचे बुडवून दुसऱ्याचे भिजवावयाचे नाही. सर्वांनीच आपापले क्षेत्र प्रमाणात कमी करावयाचे. या व्यवस्थेत जमीन प्रत्येकाची स्वतंत्र राहिली. कोणी कोणाच्या घरात शिरले नाही. हंगामापुरते सर्व एका पाटावर जुळत आणि पीक निघाले की आपापल्या खळ्यावर मोकळे होत. वरच्या अंगास धरणे झाली, घरोघर विहिरी आणि मोटारी आल्या, आणि पुष्कळसे फड मोडकळीस आले. त्याबद्दल नुसता शोक करण्यात अर्थ नाही. विहिरीने ज्याला पाणी दिले त्याला मागे जा म्हणून कोण सांगणार? पण पाट मोडल्यावर त्याच्या जागी जोडणारे असे काही आले नाही, हे मात्र खरे.

आपल्या भाषेत गाठीला दोन नावे आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ सुटत नाही. सुरगाठ एक टोक ओढताच सुटते. कवींनी आणि प्रवचनकारांनी निरगाठीचा गौरव फार केला. जन्मोजन्मीचे बंध, अतूट नाती, कधीही न सुटणारी गाठ. सुरगाठ बिचारी नाडीला, पोत्याच्या तोंडाला आणि दाव्याला राहिली. परंतु ज्याने गोठ्यास आग लागलेली पाहिली आहे, त्याला दाव्याची गाठ सुरगाठच का असते ते ठाऊक आहे. मोटेचा नाडा, बैलाची जुंपणी, होडीची दोरी, सगळीकडे अनुभवी हात सुटणारी गाठच मारतात. ती कच्ची असते म्हणून नव्हे. ताण आहे तोवर ती निरगाठीइतकीच धरते. ताण गेला की माणसाचे ऐकते.

त्या दोन भावांस निरगाठीने पुन्हा बांधू पाहणारे पुष्कळ भेटले. नातलगांनी बैठका घेतल्या, आईची शपथ घातली, ‘एकाच रक्ताचे ना तुम्ही?’ म्हणून विचारले. दोघेही मान खाली घालून ऐकत आणि उठून आपापल्या दाराने घरी जात. रक्ताचा रेटा फार मोठा असतो आणि तो पेलण्याचे काम एका बैठकीवर टाकले की बैठक मोडते. आम्ही केले ते फार थोडे. बारा खटके केले. ते कारखान्याच्या आकड्यांहून जड आहेत आणि स्वस्तही पडले नाहीत. पहिल्या रात्री मोटार चालू झाल्यावर दोन सांध्यांतून थेंब ठिबकत होते. रबरे जुनी होती, ती बदलली. नळी एकही सटकली नाही. जुन्या आणि नव्या मिळून चाळीस नळ्यांची रांग कित्येक महिन्यांनी प्रथमच कडेच्या तुकड्यापर्यंत गेली. लोहार बांधावर उकिडवा बसून विडी ओढीत होता. फवारे फिरू लागले तेव्हा त्याने एवढेच विचारले, ‘सुटतं का पहा.’ मोटार बंद करून एका हाताने दांडी उचलली; खटका निघाला, नळी सैल झाली. त्याला समाधान वाटले ते तेव्हा.

भाऊ अद्याप बोलत नाहीत. पण आता मुलास निरोप घेऊन पाठवावे लागत नाही. खटके विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एका खिळ्यावर असतात; ज्याची पाळी असेल तो ते घेतो आणि काम झाले की धुऊन तेथेच टांगतो. हंगामाच्या शेवटी थोरल्याने बाराही बिजागऱ्यांस तेल दिलेले मी पाहिले. त्यांतले सहा, वाटणीच्या हिशेबाने, धाकट्याचे होते.